गाडी थांबवा म्हणणाऱ्या काकांना हसणाऱ्यांसाठी

सोसायटीची शेगाव ट्रिप चाललीये. बसमध्ये बसून टाईप करतेय, पारोळा नुकतंच सुटलंय, आणि डोकं तापलंय. शुद्धलेखन बघू नका.

मालेगाव सुटल्यावर आमच्या सोसायटीतले एक काका ड्रायव्हरजवळ जाऊन म्हणाले, जरा बाजूला घेता का, लघवीला जायचंय. धुळ्याच्या अलीकडे परत. पारोळ्याच्या आधी पुन्हा उठले, तेव्हा मागच्या सीटवरून एक महाशय ओरडले, "अरे काकांना पुढच्या वेळी डबा द्या सोबत!" अख्खी बस हसली. काकूसुद्धा हसल्या, म्हणजे हसल्यासारखं केलं. काका परत येऊन बसले, समोर अडकवलेली पाण्याची बाटली काढली आणि बॅगेत पार खाली कोंबली. एवढ्या उन्हात त्यानंतर घोटभर पाणी प्यायलेले नाहीत. मी बघतेय ना.

माझ्या लिस्टमधल्या कुणी असला विनोद केला नसता हे मी धरूनच चालते. पण "आता वय झालं, चालायचंच" हे तुमच्यातल्या निम्म्यांनी म्हटलंच असतं. माझ्या मामाच्या बाबतीत घरादाराने तेच म्हटलं होतं.

मामा निफाड तालुक्यातला, रिटायर्ड मास्तर. रात्री चार-पाचदा उठायचा. मामी म्हणायची वय झालं. मुलगा म्हणाला शुगर बघा. शुगर नॉर्मल आली, विषय संपला. मग मामाने आपला आपण बंदोबस्त केला. संध्याकाळी सहानंतर पाणी बंद. लग्नाला गेलं की आधी बाथरूम कुठे ते हेरून ठेवायचं. कीर्तनाला बसायचं ते दाराशी. पुढे कीर्तन सुटलं, मग लग्नंही सुटली. लोक म्हणायला लागले, मास्तर हल्ली माणूसघाणे झालेत.

एका हिवाळ्यात सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून गोळी आणून घेतली. त्या रात्री लघवी पूर्ण तुंबली. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं, ते प्रोस्टेटजवळचे (पुरुषांच्या लघवीच्या नळीभोवती, ब्लॅडरच्या खाली असते ती ग्रंथी) स्नायू आवळतं. ज्याचं प्रोस्टेट आधीच वाढलंय त्याला ती गोळी अशी महागात पडते. पहाटेपर्यंत मामा मोरीत उभा. ओटीपोट टणक झालेलं, घामाने बनियन ओलं, आणि मामीला आत येऊ देईना. चाळीस वर्षांचा संसार, तरी लाज!

दवाखान्यात नळी घातली तर चौदाशे मिली लघवी निघाली. माणसाला चारशे-पाचशेला जोराची लागते. डॉक्टर म्हणाले हे एका रात्रीचं नाही. ब्लॅडर कित्येक महिने रिकामं होतच नव्हतं, कायम भरलेलं, वरचं सांडेल तेवढंच थेंब थेंब बाहेर येत होतं. आणि घरचे समजत होते की यांना लघवी फार होते. मागे दाब जाऊन दोन्ही किडन्या सुजलेल्या. क्रिएटिनिन, म्हणजे रक्तातला तो आकडा जो किडनी बिघडली की वाढतो, चारच्या वर.

आता मामा आधीच युरॉलॉजिस्टकडे का गेला नाही? कारण त्याच्या डोक्यात ते "गुप्तरोग"वाले. स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर, रेल्वेरुळाच्या कडेला रंगवलेलं असतं बघा, "निराश होऊ नका, एकदा भेटा". मास्तर माणूस तसल्या दारात शिरताना कुणी पाहिलं तर?

अरे पण तो वेगळा धंदा आहे! युरॉलॉजिस्ट म्हणजे सर्जन. एमबीबीएस, मग जनरल सर्जरीचं एमएस, मग वर आणखी तीन वर्षं एमसीएच. किडनीपासून लघवी बाहेर पडते तिथपर्यंतचा सगळा रस्ता त्याच्याकडे, पुरुषांचाही आणि बायकांचाही. शिवाय पुरुषांचं प्रोस्टेट, वृषण, मूल होण्यातल्या अडचणी. किडनीचं कामच मंदावलं, डायलिसिसची वेळ आली, तर तो नेफ्रॉलॉजिस्ट. तो फिजिशियन, ऑपरेशन करत नाही. मामाला दोघेही लागले.

सर्जन म्हटलं की दुसरी भीती, गेलं की कापणार. काही जण उगाच ऑपरेशन सांगतात, हो, सांगतात. मग दुसऱ्याला दाखवा, घरी बसू नका. पहिल्या भेटीत करतात काय? धार बारीक झालीये का, सुरू व्हायला वेळ लागतो का, झाल्यावरही राहिल्यासारखी वाटते का, रात्री किती वेळा उठता, हे विचारतात. लघवी तपासतात. लघवीच्या आधी आणि नंतर सोनोग्राफी, म्हणजे आत किती उरते ते कळतं. यूरोफ्लो असतं, एका यंत्रात लघवी करायची आणि ते धारेचा आलेख काढतं. पुरुषांना मागून बोटाने तपासतात, त्यात मिनिटही जात नाही. पन्नाशीनंतर पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका आहे का ते बघणारी, रक्ततपासणी करायची का तेही त्यांनाच विचारा.

आणि बहुतेकांचं गोळ्यांवर भागतं हो. एक गोळी स्नायू सैल करते, काही दिवसांत धार सुधारते. उठताना चक्कर येऊ शकते म्हणून ती सहसा रात्री देतात. दुसरी प्रोस्टेट आकसवते, पण तिला सहा महिने द्यावे लागतात. आपल्याकडे लोक पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडतात. रात्री उठणं दर वेळी प्रोस्टेटमुळेच असतं असं नाही, शुगरने होतं, बीपीच्या काही गोळ्यांनी होतं, मान्य. पण ते ठरवायला कुणीतरी तपासायला नको? मामाच्या घरी ते मामीने ठरवलं होतं.

(एरंडोलला चहाला थांबलो होतो. काकूंशी बोलले. दोन वर्षं चाललंय म्हणे. "हे ऐकतच नाहीत." ऐकतील कसे, बस हसतेय तर.)

बायांनो, आता तुम्ही. तुम्हीही हसलात ना मघाशी? आपल्यातली एक जण हास्यक्लबला यायची बंद झाली. हसलं की थेंब गळतात म्हणून. शिंकताना मांड्या आवळून उभ्या राहणाऱ्या कितीजणी आहेत ते मला सांगू नका, मी बाई आहे. बाळंतपणं झाली की होतं असं, हे आपल्या आयांनी सांगितलं आणि आपण गपचूप पॅड लावायला लागलो. होतं ते खरं, पण त्यावर उपाय आहेत. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नीट शिकून तीनेक महिने नेटाने केले तर पुष्कळ फरक पडतो. नाही पडला तर छोटं ऑपरेशन असतं.

तसंच उन्हाळी. लागली की धणे-जिऱ्याचं पाणी, नाहीतर मेडिकलवाल्याने कापून दिलेली अँटिबायोटिकची अर्धी स्ट्रिप. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा इन्फेक्शन झालं तर लघवीचं कल्चर (कुठला जंतू आहे ते बघणारी तपासणी) करून दाखवायचं असतं. पण युरॉलॉजिस्ट म्हणजे पुरुषांचा डॉक्टर, असं आपलं पक्कं. मुळात हायवेला धड बाथरूम नसतं म्हणून सकाळपासून आपण पाणीच पीत नाही. मुंबईत बायकांना "राइट टू पी" म्हणून चळवळ उभी करावी लागली. काकांसाठी बस झाडामागे तरी थांबते, आपल्यासाठी तेही नाही.

आणि मुलगे! हे लिहिताना खरंच संताप होतो. वयात येणाऱ्या मुलाला एका बाजूच्या वृषणात अचानक जोराची कळ आली, उलटी झाली, तर सकाळची वाट बघायची नाही. आतली दोरी पिळली गेली असेल तर रक्त बंद होतं आणि हातात साधारण सहा तास असतात. पण पोरगं सांगतं "पोटात दुखतंय", कारण त्या जागेचं नाव आपल्या घरात कुणी घेतलेलंच नसतं. आई बिचारी ओवा देते. गेला वेळ. मुलांशी बोला रे, आजच.

लघवीतून रक्त गेलं, अगदी एकदाच, काही न दुखता, आणि दुसऱ्या दिवशी साफ झाली, तरी दाखवायचं. दुखत नाही म्हणून सोडून देतात तेच फसवं असतं. बिडी-सिगारेटवाल्यांनी तर त्याच आठवड्यात. ब्लॅडरच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण तो धूर आहे.

मुतखडा तेवढा आपण चारचौघांत अभिमानाने सांगतो. "माझा नऊ एमएमचा!" मग पानफुटी, कुळथाचं कढण. तुमच्या जावेचा पानफुटीने पडला असेल, वाद नाही घालत, पाच एमएमच्या आतले बहुतेक आपले आपणच पडतात. पण खडा आहे आणि थंडी वाजून ताप आला, तर त्याच रात्री दवाखाना. अडकलेल्या किडनीत पू झाला तर जीवावर बेततं. आणि ऑपरेशननंतर आत डीजे स्टेंट, म्हणजे किडनीपासून ब्लॅडरपर्यंतची बारीक नळी, ठेवला असेल तर तो काढायची तारीख कॅलेंडरवर लिहा. दुखायचं थांबलं की लोक विसरून जातात, आणि मग त्या स्टेंटवरच खडे साचतात.

मामाला नळीसकट घरी पाठवलं होतं. लघवीची पिशवी त्याने साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत घातली आणि तिचे बंद हातात धरून अंगणात फेऱ्या मारायचा. कुणी विचारायचं, "मास्तर, बाजाराला का?" तर म्हणायचा, "हो, निघालोच." घरी आलं कुणी की पिशवी खुर्चीखाली सरकवायचा. मला तेव्हा रडू यायचं, आता लिहितानाही येतंय.

नंतर दुर्बिणीतून प्रोस्टेटचा अडवणारा भाग काढला. पोटावर टाका नाही. काढलेला भाग तपासला, कॅन्सर नव्हता. पण किडनी पूर्ण सावरली नाही. क्रिएटिनिन पावणेदोनच्या खाली काही येत नाही, मीठ मोजून, पेनकिलर कायमच्या बंद, दर तीन महिन्यांनी रक्त. कीर्तनाला मात्र जातो परत. पुढे बसतो.

डॉक्टरांची नावं कमेंटमध्ये विचारू नका, इनबॉक्स करा. पैशांची अडचण असेल तर महात्मा फुले योजनेत खड्याची आणि प्रोस्टेटची ऑपरेशनं आहेत, हॉस्पिटल यादीत आहे का ते आधी विचारून घ्या. जायच्या आधी दोन-तीन दिवस किती वाजता आणि किती मिली झाली ते वहीत लिहून काढा, मापाचा एक प्लॅस्टिकचा मग त्यासाठी वेगळा ठेवा. चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या, सर्दी-खोकल्याचीसुद्धा. आणि निघताना घरून लघवी करून जाऊ नका, यूरोफ्लोला ब्लॅडर भरलेलं लागतं, नाहीतर तिथल्या बाकड्यावर तासभर पाणी पीत बसाल.