पडणारच होते, म्हणून हलकी घेतली

दादा, तुमची प्रतिक्रिया सकाळच्या चहाबरोबर वाचायला घेतली आणि चहा गार झाला. चार ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते. पण तुम्ही साताऱ्याचे निघालात, आणि शिवाय एका जागी मला बरोबर पकडलंत. तेव्हा नीटच लिहिते.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी: ६२व्या वर्षी मी टू-स्ट्रोक इंजिनाची डर्ट बाइक, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर चालवायची मोटारसायकल घेतली, ती कशी आहे आणि इथे अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात ती चालवताना कशी मजा येते, हे मागच्या महिन्यात लिहिलं होतं. त्यावर या दादांचं म्हणणं असं की, काकू, जगानं मोडीत काढलेलं, धूर ओकणारं इंजिन घेऊन झाडाझुडपांत हुंदडायचं आणि वर त्याला छंद म्हणायचं, हे पैसा जास्त झाल्याचं लक्षण आहे. कासच्या पठारावर पोरं गाड्या घालतात, त्यांना आम्ही आता कोणत्या तोंडानं अडवायचं? आणि शेवटी, ‘अख्ख्या लेखात पडण्याबद्दल एक ओळ नाही. या वयात पडलात तर दुखणं तुमचं, पण उस्तवार घरच्यांनी करायची.’

आधी धूर. तो आहे. टू-स्ट्रोकमध्ये आत येणारं ताजं मिश्रणच जळालेल्या वायूला बाहेर ढकलतं, आणि ढकलता ढकलता त्यातलं काही स्वतःच न जळता सायलेन्सरच्या वाटेनं निसटून जातं. तेल जळतं ते वेगळं. तेवढ्याच सीसीच्या चार-स्ट्रोकपेक्षा ही गाडी हवा जास्त घाण करते, यावर मी वाद घालणार नाही. माझ्या गाडीत तेलाची टाकी वेगळी आहे, पंप गरजेपुरतंच तेल सोडतो, हळू चालवताना तर फारच थोडं. त्यामुळे ऐंशीच्या दशकातल्या साताऱ्याच्या पोवई नाक्यावरचा तो निळा ढग तुमच्या डोळ्यांसमोर असेल तर तेवढा पुसून टाका. पण कमी घाण म्हणजे स्वच्छ नव्हे, हे मलाही कळतं. महिन्यातून दोन शनिवार, दर वेळी तीन-चार तास. एवढं माझ्या नावावर मांडून ठेवा.

‘जगानं मोडीत काढलेलं’ हे मात्र चूक. रस्त्यावरून टू-स्ट्रोक गेली हे खरं. आपल्याकडे यामाहा आरएक्स १०० १९९६ साली बंद झाली, स्कूटरही पुढे चार-स्ट्रोक झाल्या. पण डोंगरातल्या गाड्यांमधून ती कधी हललीच नाही. केटीएम, शेर्को, यामाहा आजही नव्या बनवतात. माझी बीटा एक्सट्रेनर ३०० इटलीतली, फ्लॉरेन्सजवळच्या कंपनीची. ही मंडळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सायकली बनवत होती. आणि लांब कशाला, तुमच्या शेजारच्या वावरात गवत कापायचा ब्रश कटर बघा. पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालवतात ना? खांद्यावर घेऊन तास-दोन तास फिरायचं म्हणजे यंत्र हलकं लागतं, आणि आडवं-तिडवं धरलं तरी चालावं लागतं. टू-स्ट्रोकला चार-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही, तळाशी तेलाचं भांडं नाही. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा जाळ, चार-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदा. त्यामुळे तेवढीच ताकद कमी लोखंडात मिळते.

माझा सगळा लेख खरं तर याच एका गोष्टीवर होता, पण ती मी मजेच्या वर्णनात बुडवून टाकली. मी टू-स्ट्रोक घेतली ती वेगासाठी नाही. वजनासाठी घेतली.

याआधी माझ्याकडे एक चार-स्ट्रोक होती, रस्त्यावर आणि कच्च्यात दोन्हीकडे चालणारी. वजन १५० किलोच्या वर. मी ५ फूट २ इंच. ती गाडी चालवायला अडचण नव्हती, उभी करायला होती. पहिल्याच उन्हाळ्यात एका वळणावर, चालण्याच्या वेगात, ती आडवी झाली आणि मी तिच्याकडे नुसती बघत उभी राहिले. दोन तरुण मुलं मागून आली, त्यांनी ‘मॅम’ म्हणत उचलून दिली. फार गोड मुलं होती. मला मात्र घरी येईपर्यंत रडू येत होतं.

बीटाचं वजन पेट्रोलशिवाय शंभरच्या जरा आत. सीट साधारण ३६ इंचांवर. नेहमीच्या एन्ड्युरो, म्हणजे जंगल-डोंगरातल्या शर्यतींच्या गाड्या याहून उंच असतात, आणि त्या इंच-दीड इंचात माझे चवडे जमिनीला लागतात की नाही ते ठरतं. ही गाडी शर्यतीची नाहीच. सस्पेन्शन मऊ, इंजिन मवाळ. दुसऱ्या गिअरमध्ये टाकायची, फूटरेस्टवर उभं राहायचं, दोन बोटं क्लचवर ठेवायची आणि मुळांवरून, दगडांवरून चालायच्या वेगानं फट-फट करत जायचं. टायरमध्ये हवा १२-१३ पौंड, म्हणजे रबर दगडाला चिकटून बसतं. उतारावर तेवढं सांभाळायचं. थ्रॉटल सोडला की चार-स्ट्रोक जशी इंजिनानं आवरते तशी ही आवरत नाही, ब्रेकवरच सगळी भिस्त. इलेक्ट्रिक का नाही, असंही तुम्ही विचारलंत. मैत्रिणीची चालवून बघितली, छान आहे. पण दुपारी एक वाजता तिची बॅटरी संपली आणि आम्ही दोघींनी ती तीन किलोमीटर ढकलत आणली. पाच वर्षांनी पुन्हा विचारा.

आता पडण्याचं. इथे तुम्ही बरोबर आहात. लेखात ते आलं नाही ते विसरल्यामुळे नव्हे, मी मुद्दाम गाळलं. बाई, त्यात साठीच्या पुढची, त्यात पडलेली: वाचणारे काय म्हणतील, एवढाच हिशोब.

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. कॅपिटल स्टेट फॉरेस्ट हे ऑलिंपिया शहराजवळचं जंगल. रात्रभर पाऊस झालेला, डग्लस फरच्या झाडांची मुळं साबण लावल्यासारखी झालेली. ज्यांच्याबरोबर जायचं होतं त्यांनी आयत्या वेळी रद्द केलं, आणि मी एकटी गेले. मूळ काटकोनात ओलांडलं तर चाक वर चढतं. मी तिरकं ओलांडलं. पुढचं चाक मुळाच्या कडेनं घसरत गेलं आणि गाडी मला घेऊन बांधाच्या बाजूला पडली. पाय खाली. तेव्हा तरी दुखत नव्हता, पण निघत नव्हता. बुटाची टाच आणि फूटरेस्ट यांच्यामध्ये चिखलानं अशी पकड घेतली होती की जेवढं ओढावं तेवढं आत. इंजिन बंद झालेलं. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल थेंब थेंब गळतंय, त्याचा वास, आणि एक्झॉस्टची नळी गार होताना टिक-टिक वाजतेय. फोनला रेंज नाही. कोणी येईल का ऐकत राहिले. मग हातमोजा काढला आणि बोटांनी बुटाखालचा चिखल उकरायला लागले, घुशीसारखी. वीस मिनिटं लागली. पाय सुटल्यावर काय केलं असेल? डबा काढून पोळीचा लाडू खाल्ला. मग गाडी उचलली.

ती उचलता आली, दादा. चाकं उताराच्या बाजूला करून घेतली, एक हात हँडलला, एक मागच्या मडगार्डखाली, आणि गुडघ्यात वाकून. नळाला पाणी नसायचं तेव्हा हंडा असाच उचलायला आईनं शिकवलं होतं: कमरेतून नाही गं, मांड्यांतून. जुनी गाडी असती तर मी संध्याकाळपर्यंत तिथेच.

गुडघा आठ दिवस सुजला होता, त्यामुळे घरी काही लपवता आलं नाही. वाचकांपासून लपवलं, ते चुकलंच. तेव्हापासून एकटी जात नाही. आमचा चौघांचा जथा आहे, त्यातला सगळ्यात लहान ५४चा. उपग्रहावरून निरोप धाडणारं एक छोटं यंत्र अंगावरच्या पिशवीत असतं. गाडीला बांधत नाही, कारण गाडी दरीत आणि आपण वर असंही होऊ शकतं. गुडघ्यांचे ब्रेस आणि छातीचं चिलखत यांवर खर्च झाला तो ऐकून आमचे हे म्हणाले, एवढ्यात साताऱ्याला जाऊन आलो असतो. हाडांची घनता तपासून घेतली, ती काठावर निघाली. डॉक्टरीणबाईंनी गाडी सोडायला सांगितली नाही, वजनं उचलायला लावली. आठवड्यातून तीन दिवस उचलते. ही गाडी नसती तर उचलली असती का? नसती.

घरच्यांच्या उस्तवारीबद्दल तुम्ही लिहिलंत ते लागलं, कारण मी ती केलेली आहे. माझी आई जन्मात मोटारसायकलवर बसली नाही. न्हाणीघरात पाय सरकला, खुबा मोडला, पुढची दोन वर्षं अंथरुण. म्हणून मी डोंगरात पडायला मोकळी, असं काही होत नाही. पण ‘घरात बसा म्हणजे सुखरूप’ हा सल्ला मी आता कुणाकडूनही ऐकून घेत नाही.

राहिलं कास. तिथे मी पूर्ण तुमच्या बाजूची. १९८१ साली मी कॉलेजला लूनावर जायचे. आपल्या नगरच्या फिरोदियांच्या कारखान्यातली लूना, तीही टू-स्ट्रोकच. यवतेश्वरच्या घाटात पेडल मारून मारून तिला वर न्यायची, आणि रात्री मी आणि भाऊ दोघं तिला उचलून वाड्याच्या पायऱ्या चढवायचो. (हलक्या गाडीची खोड तिथलीच असणार.) तेव्हाही लूना रस्त्याच्या कडेला लावून पठारावर पायी जायचो. खाली जांभा, वर बोटभर माती, आणि त्या मातीत वर्षाचे काही आठवडे जगणारी फुलं. एकदा टायरनं ती माती खरवडली, पावसानं वाहून गेली, की उरतो कातळ. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ साली कास आलं, पण ते नसतं आलं तरी तिथे चाक घालणाऱ्या पोराच्या कानाखाली काढायला माझी ना नाही. माझा लेख दाखवून कोणी तुमच्याशी हुज्जत घातली तर हा परिच्छेद वाचून दाखवा.

मी जिथे चालवते ते जंगल वेगळं आहे. ते लाकडासाठीच राखलेलं, राज्य सरकारच्या ताब्यातलं. झाडं तोडतात, पुन्हा लावतात. दक्षिणेकडच्या वाटा मोटारसायकलींना, उत्तरेकडच्या चालणाऱ्यांना, घोड्यांना, सायकलींना. सायलेन्सरमध्ये ठिणग्या अडवणारी जाळी सक्तीची. आखलेली वाट सोडायची नाही. या वाटांच्या डागडुजीला इंधनावरच्या करातला वाटा येतो, आणि उरलेलं काम आमच्यासारखे लोक फावडी घेऊन करतात. चिखलाच्या दिवसांत, १ डिसेंबर ते ३० एप्रिल, गाड्यांना पूर्ण बंदी.

म्हणजे वाटा उघडतात १ मेला. महाराष्ट्र दिनाला! त्या दिवशी सकाळी घरी श्रीखंड असतं. आणि त्या ऑक्टोबरनंतर मुलीनं एक अट घातली आहे, त्या अटीची परीक्षाही त्याच दिवशी. घरापुढच्या हिरवळीवर गाडी आडवी करायची आणि माझी मी उभी करायची. तीन प्रयत्न. तिसऱ्यालाही उभी राहिली नाही तर त्याच दिवशी विकायची जाहिरात टाकायची, रडारड नाही. तुम्ही विचारलंत ना, ‘हे थांबवणार कधी?’ तेव्हा थांबवणार.

यंदा दुसऱ्या प्रयत्नात उचलली. पहिल्या वेळी गवत दवानं ओलं होतं, पाय सरकला. मी म्हटलं तो प्रयत्न धरायचा नाही. हे पायरीवर वाटी घेऊन बसले होते, म्हणाले, धरायचाच.

धरला.