एकशे दहा लावा, शंभर मिळवा

अमेरिकन फुटबॉलवरील पैजांचे प्रकार ज्याला ठाऊक नाहीत, त्याने सुपर बोलच्या, म्हणजे त्या खेळाच्या हंगामातील अंतिम सामन्याच्या, रात्री न्यू जर्सीतील मराठी घराच्या तळघरात उतरू नये, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. मी ९ फेब्रुवारी २०२५ रोजी उतरलो. रथसप्तमी होऊन पाच दिवस उलटले होते, पण इथली हळदीकुंकवे तिथी पाहून नव्हे तर रविवार पाहून होतात. त्यामुळे वर दिवाणखान्यात वाण लुटले जात होते आणि खाली मिसळीच्या पातेल्याभोवती दहाबारा पुरुष फोनमध्ये डोके खुपसून बसले होते. समोर भिंतीएवढ्या टीव्हीवर फिलाडेल्फिया ईगल्स आणि कॅन्सस सिटी चीफ्स खेळत होते, परंतु त्यांच्याकडे पाहण्याची फुरसत कोणालाच नव्हती. त्या रात्री तिथल्या तज्ज्ञांकडून मला जे ज्ञान लाभले ते एकट्यापाशी ठेवणे बरे नव्हे, म्हणून नवा हंगाम सुरू होण्याआधी आपल्यासारख्या होतकरूंसाठी हे मार्गदर्शन.

सर्वप्रथम आपली भाषा सुधारावी. याला जुगार म्हणू नये, सट्टा तर मुळीच म्हणू नये. ‘पोझिशन घेतली आहे’ असे म्हणावे. लालबागच्या चाळीत माझी आजी आकडा लावणाऱ्यांना सरसकट ‘मुडदे’ म्हणत असे. तो आकडा आधी न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडत्या आणि मिटत्या भावांवर लागत असे, ते भाव बंद झाल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या आणि मटका हे नाव रुजले, हा इतिहास तिला ठाऊक नव्हता. आता तिचा नातू न्यूयॉर्कपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. खेळ एका अर्थी आपल्या माहेरीच परत आला आहे.

शिवाय हे सारे कायदेशीर आहे, ही गोष्ट दर दहा मिनिटांनी बोलून दाखवावी. खेळांवरील पैजांना बहुतेक राज्यांत मज्जाव करणारा १९९२ चा केंद्रीय कायदा सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०१८ रोजी रद्द केला, तोही आपल्याच न्यू जर्सीच्या खटल्यात. महिन्याभरात मॉनमथ पार्कच्या रेसकोर्सवर पैजांच्या खिडक्या उघडल्या आणि पहिल्या पैजा खुद्द गव्हर्नर फिल मर्फी यांनी लावल्या. त्यांतले २० डॉलर आपल्याकडच्या फुटबॉलचा, म्हणजे इथल्या सॉकरचा, विश्वचषक जर्मनी जिंकेल यावर होते, आणि जर्मनी त्या वर्षी पहिल्याच फेरीत घरी गेली. असा शुभारंभ क्वचितच एखाद्या धंद्याला लाभला असेल. पैजांमुळे खेळाचे पावित्र्य भंगते म्हणून २०१२ मध्ये न्यू जर्सीला कोर्टात खेचणाऱ्यांत सुपर बोल भरवणारी नॅशनल फुटबॉल लीगही होती. त्याच लीगने २०२१ मध्ये बेटिंग कंपन्यांशी अधिकृत भागीदारीचे करार केले आणि २०२४ चा सुपर बोल थेट लास व्हेगासमध्ये भरवला. पावित्र्याचाही भाव असतो, एवढेच यातून घ्यावे.

आता मूळ भाव. अमेरिकी पद्धतीत ‘उणे ११०’ असे लिहिलेले दिसेल. त्याचा अर्थ, १०० डॉलर जिंकण्यासाठी आपण ११० लावायचे. समोरच्या बाजूलाही बहुधा हाच भाव असतो; म्हणजे आपण एका बाजूला ११० लावले आणि शेजारच्या काकांनी दुसऱ्या बाजूला ११० लावले, तर कंपनीकडे २२० जमा होतात आणि जिंकणाऱ्याला २१० परत जातात. उरलेल्या १० डॉलरना ‘व्हिग’ म्हणतात. या हिशेबाने नुसते बरोबरीत राहायचे तरी १०० पैकी ५२.४ पैजा जिंकाव्या लागतात. तळघरातील बाराही तज्ज्ञ आपण साठ जिंकतो असे सांगत होते. त्यांपैकी निम्मे पटेलांच्या दुकानात कोथिंबिरीच्या जुडीमागे दहा सेंट वाचवण्यासाठी दुसऱ्या गावी गाडी काढतात, आणि दर शंभरामागचे हे दहा डॉलर त्यांना दिसत नाहीत. आपणही पाहू नयेत. पाहिले की मजा जाते.

‘मनीलाइन’ म्हणजे कोण जिंकेल एवढेच सांगणे. ते कोणालाही समजते, म्हणून तज्ज्ञ त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

‘स्प्रेड’ मात्र विद्वत्तेचे क्षेत्र आहे. बलवान संघाच्या डोक्यावर काही गुणांचे ओझे ठेवायचे आणि तेवढ्याहून जास्त फरकाने तो जिंकला तरच पैज जिंकली असे मानायचे. टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपार नेण्याचे, ६ आणि त्यावरच्या लाथेचा १ मिळून ७ गुण, चेंडू लाथेने खांबांमधून मारला तर फील्ड गोलचे ३, यामुळे पुष्कळसे सामने ३ किंवा ७ गुणांच्या फरकाने सुटतात. म्हणून ३ आणि साडेतीन यांच्यातील अर्ध्या गुणावर तळघरात वीस मिनिटे वाद होतो. ३ चा भाव असताना संघ नेमका ३ ने जिंकला तर पैसे परत मिळतात, साडेतीन असता तर गेले असते. बुकीही या अर्ध्या गुणात कधी अडकतो, असे सांगून आपला उत्साह वाढवला जाईल, आणि ते खरेही आहे. जानेवारी १९७९ च्या सुपर बोलला पिट्सबर्गवरील ओझे साडेतीनपासून साडेचारपर्यंत चढत गेले आणि पिट्सबर्गने डॅलसला ३५–३१ असे, बरोबर ४ गुणांनी हरवले. आधी पिट्सबर्गवर लावणारेही जिंकले, नंतर डॅलसवर लावणारेही जिंकले, आणि बुकींनी त्या दिवसाला ‘काळा रविवार’ म्हटले. तळघरात हा रविवार काल घडल्यासारखा सांगतात. त्या रात्री त्याला शेहेचाळीस वर्षे झाली होती.

‘टीझर’मध्ये स्प्रेड आपल्या सोयीने सरकवायला सहा गुण फुकट मिळतात आणि ते भावातून वसूल होतात.

‘फ्यूचर्स’मध्ये, म्हणजे हंगामाचा विजेता कोण ठरेल यासारख्या पैजेत, सप्टेंबरात लावलेले पैसे फेब्रुवारीपर्यंत कंपनीकडे बिनव्याजी राहतात, मुदतठेवीच्या पाव टक्क्यासाठी बँक बदलणाऱ्यांनी हा प्रकार अवश्य करावा.

‘प्रॉप’ म्हणजे सामना राहिला बाजूला, एखाद्या खेळाडूच्या यार्डांवर किंवा अगदी सुरुवातीच्या नाणेफेकीवर पैसे लावणे. नाण्याला दोनच बाजू असतात हे आपल्याला पहिलीत शिकवले होते, तरी इथेही शंभर जिंकायला बहुधा शंभराहून थोडे अधिक द्यावे लागतात. यार्डांची गंमत आणखी न्यारी आहे. २०२० च्या सुपर बोलमध्ये चीफ्सचा पॅट्रिक माहोम्स धावून ४४ यार्ड मिळवून बसला होता आणि तो तिसाहून जास्त यार्ड धावेल म्हणणारे लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. सामना हातात आल्यावर घड्याळ संपवण्यासाठी त्याने चेंडू घेऊन तीनदा मागे सरकून गुडघा टेकला, त्यात १५ यार्ड वजा झाले आणि हिशेब २९ वर थांबला. माणूस विश्वविजेता झाला आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारे बुडाले. खेळ समजण्याचा आणि पैज समजण्याचा संबंध किती आहे, हे यावरून ओळखावे.

आता ‘टोटल’, म्हणजेच ओव्हर-अंडर. दोन्ही संघांचे मिळून किती गुण होतील याचा एक आकडा कंपनी ठरवते आणि आपण त्याच्या वर किंवा खाली लावायचे. त्या रात्री आकडा साडेअठ्ठेचाळीस होता. माझा भाचा त्याआधीच्या ऑगस्टात इथे एमएस करायला आला आणि ताईने सांगलीचे घर गहाण ठेवून त्याचे कर्ज काढले आहे. हा तपशील पैजेच्या प्रकारांत बसत नाही, परंतु मला आता तो वगळता येत नाही. भाच्याने २०० डॉलर लावले होते: ईगल्स जिंकणार, त्यांचा जॅलेन हर्ट्स टचडाउन करणार आणि एकूण गुण साडेअठ्ठेचाळीसच्या खाली राहणार. तिन्ही खरे ठरले तर बाराशेच्या वर मिळायचे. हर्ट्सने पहिल्याच सत्रात टचडाउन केला. ईगल्स ३४–० असे पुढे गेले. शेवटची तीन-चार मिनिटे राहिली तेव्हा फळा ४०–६ असा होता, एकूण सेहेचाळीस. सामना कधीच संपला होता; वरून बायका बुटांपाशी येऊन हाका मारत होत्या, यजमानीणबाई उरलेली उसळ डब्यांत भरत होत्या आणि लोक जाकिटे चढवत होते. फक्त माझा भाचा कोचाच्या कडेला, दोन्ही हातांत फोन धरून, ओठ हलवत बसला होता. लहानपणी परीक्षेच्या निकालाआधी तो असाच बसायचा. मग चीफ्सने, ज्यांना आता जिंकायचे नव्हते आणि हरण्याचेही काही उरले नव्हते, एक टचडाउन केला आणि वर दोन गुण घेतले. चोपन्न. थोड्या वेळाने आणखी एक केला, तोही वर दोन गुण घेऊन. ४०–२२. खोलीत कोणी मान वर करून पाहिलेही नाही. भाच्याने फोन मांडीवर पालथा ठेवला आणि मला म्हणाला, “मामा, निघू या का?”

मग तज्ज्ञ जमले. त्यांनी त्याची पाठ थोपटली, ‘बॅड बीट’ म्हणतात याला, असे शिकवले, आणि प्रत्येकाने आपापल्या बॅड बीटची गोष्ट सांगितली. लढाईत जखमी झालेल्या जवानाला जुने जवान सांगतात तशी. गाडीत बसल्यावर त्याने मला सांगितले की हंगामभरात मिळून ३,४०० डॉलर गेले आहेत आणि मार्चचे भाडे भरायला त्याच्याकडे पैसे नाहीत. तीन लाख रुपयांच्या आसपास ही रक्कम होते. ताईच्या पेन्शनचे किती महिने, हा हिशेब मी टर्नपाइकवर तीनदा केला आणि तिन्ही वेळा गाडी चुकीच्या लेनमध्ये गेली.

मार्गदर्शनाकडे वळतो. अनेक पैजा गुंफून भाच्याने लावली तिला ‘पार्ले’ म्हणतात आणि तीच एका सामन्यातली असेल तर ‘सेम गेम पार्ले’. जाहिरातीत हीच का दाखवतात, दुसरी का नाही, असा प्रश्न विचारू नये. उणे ११० च्या चार पैजा गुंफल्या तर जिंकल्यावर १ डॉलरवर नफ्याचे १२.२८ सुटतात; शक्यता सारख्या धरल्या तर न्यायाने १५ सुटायला हवेत. एकेकट्या पैजेत कंपनी शंभरामागे सरासरी साडेचार डॉलर ठेवते, चारांच्या माळेत सतरा. माळ जितकी लांब तितका भक्त मोठा.

चालू सामन्यात पैजा लावायच्या असतील तर अवश्य लावाव्यात. आपल्या टीव्हीवरचे चित्र मैदानाच्या काही सेकंद मागे असते आणि कंपनीकडचे आकडे पुढे असतात, एवढी एक बारीक गोष्ट विसरून.

सोमवारी सकाळी भाच्याला कंपनीचा संदेश आला: आम्हाला वाईट वाटले, ही घ्या २५ डॉलरची ‘बोनस बेट’. ही जिंकलात तर जिंकलेले मिळतात, मूळ पंचवीस मिळत नाहीत. जाहिरातीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत १-८००-गॅम्बलर हा मदतीचा क्रमांकही असतो. तो शोभेसाठी आहे असे समजावे. आणि आपण खरोखरच हुशार निघालात, सतत जिंकू लागलात, तर कंपनी आपली मर्यादा इतकी खाली आणते की पाच-दहा डॉलरच्या वर लावता येत नाही. या दुकानात हरणाऱ्यालाच गिऱ्हाईक म्हणतात.

पुरे झाले मार्गदर्शन. हे उपरोधाचे सोंग मला आता झेपत नाही.

तुमच्याशीच बोलतो आहे, तळघरातल्या शहाण्यांनो. तो पोरगा ऑगस्टात आला तेव्हा टचडाउन कशाशी खातात हेही त्याला माहीत नव्हते. त्याला स्प्रेड कोणी शिकवला? तुम्ही शिकवला, गणपतीच्या आरतीनंतर, मोदकाची ताटली हातात घेऊन. त्याच्या फोनवर ते ॲप कसे आले, हे मी गाडीत विचारले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला, आणि मग त्याने आलेला दुवा दाखवला. तो तुमच्यापैकीच एकाने पाठवला होता, कारण त्या दुव्यावरून कोणी नवे खाते उघडले की पाठवणाऱ्यालाही ५० डॉलरचा बोनस मिळतो. पन्नास डॉलर! तुम्ही दीड लाख डॉलर पगार घेता, मुलांच्या कॉलेजासाठी वेगळे खाते ठेवता, तुमच्या स्वतःच्या मुलाच्या फोनवर हे ॲप येऊ नये म्हणून त्यावर कुलूप घालता, आणि दुसऱ्याचा, कर्जावर आलेला, घरापासून आठ हजार मैलांवर एकटा असलेला मुलगा पन्नास डॉलरला त्या कंपनीच्या दारात नेऊन सोडता? वर त्याची पाठ थोपटता? आमच्या चाळीत मटक्याचे आकडे घेणारा माणूससुद्धा शाळकरी पोराला पाहिले की “घरी जा रे” म्हणून हाकलत असे. त्याला इंग्रजी येत नव्हते, पण त्याला तेवढी लाज होती.

मार्चचे भाडे मी भरले. ताईला अजून काही सांगितलेले नाही, दर रविवारी तिचा फोन येतो, “पोरगा नीट जेवतो ना रे?” विचारते, आणि मी होय म्हणतो. हे खोटे बोलणे तुमच्या हंगामाच्या हिशेबात कुठेतरी मांडून ठेवा.

पुढच्या फेब्रुवारीत मला बोलावू नका. बोलावलेच, तर मी येईन, मिसळ खाईन, आणि त्या तळघरातल्या प्रत्येक विद्यार्थ्याचा फोन काढून घेऊन वर हळदीकुंकवाच्या ताटाशेजारी नेऊन ठेवीन. ज्याला अडवायचे असेल त्याने आधी ते पन्नास डॉलर माझ्या हातावर ठेवावेत.