नैरोबीत आधी माणसं जमली होती
प्रत्येक जिल्ह्यात केनियातल्या नैरोबीच्या आयहबसारखं नवउद्योग केंद्र हवं, हे लेखातलं म्हणणं मनापासून पटलं. पण तिथे इमारतीआधी काय घडलं तेही यायला हवं होतं. एम-पेसा ही मोबाइलवरची पैशांची सेवा २००७ मध्येच सुरू झाली होती, साध्या फोनवरून पैसे पाठवायची लोकांना सवय लागली होती. निवडणुकीनंतरच्या हिंसाचाराची माहिती नकाशावर आणणारं उशाहिदी हे संकेतस्थळ २००८ मध्ये उभं राहिलं आणि त्याच मंडळींनी २०१० मध्ये आयहब काढलं. त्यांच्यातूनच आलेल्या ब्रिक राउटरचं मला फार कौतुक वाटतं. वीज गेली तरी तो आतल्या बॅटरीवर चालू राहतो, केबलचं इंटरनेट बंद पडलं की सिमवर जातो. रोज अंधारात बसणाऱ्यालाच असं सुचणार!

माझा भाचा द्राक्षबागेच्या फवारणीसाठी नोझल बनवतोय. एका केंद्रात त्याला टेबल, खुर्ची, वायफाय सगळं मिळालं, पण लेथ चालवणारा माणूस नव्हता. शेवटी पितळेचा तुकडा खिशात घालून तो गावातल्याच वर्कशॉपमध्ये गेला. केंद्रं जरूर काढा, पण एमआयडीसीतले जुने टर्नर-फिटर तिथे पगारावर ठेवा आणि पहिली ऑर्डर सरकारी खात्यांनी द्या.