माझे जांभळे दात

परवा एका अकरा वर्षांच्या मुलाने मला नापास केलं. दातांच्या विषयात.

या वयात दातांना तारा कशाला, हे सगळ्यांनी विचारून झालंय, तेव्हा ते सोडा. महिन्याची तपासणी होती. खुर्चीत बसताच सहायक बाईंनी एक गोळी चघळायला दिली. दातांवरचा थर रंगवणारी. थर ताजा असेल तर गुलाबी दिसतो, जुना असेल तर जांभळा. मी आरशात बघितलं. गुलाबी औषधालाही नव्हता.

दार सताड उघडं. दारात पुढचा पेशंट, त्याच्याही तारांवर हिरवी-केशरी रबरं.

"काका, तुम्ही ब्रश करत नाही?"

"कअतो," मी म्हणालो. ओठ ताणून धरणारं प्लास्टिक तोंडात असताना माणूस यापेक्षा बाणेदार उत्तर देऊ शकत नाही.

"कधी?"

"हकाळ-हंध्याकाळ."

"संध्याकाळी नाही, झोपताना! झोपेत लाळ कमी होते, मग दात धुणार कोण?"

"बरोबर," बाई म्हणाल्या. मला वाटत होतं, बाई माझ्या बाजूच्या आहेत.

पोरगा आत आला. त्याने माझा जबडा फळ्यासारखा वापरायला घेतला. ब्रॅकेटच्या, म्हणजे दातावर चिकटवलेल्या, तार धरून ठेवणाऱ्या खुंटीच्या वरून एकदा, खालून एकदा, ब्रश तिरका. मग तारेच्या आत तो बाटली धुण्याच्या ब्रशचा नातू वाटावा असा चिमुकला ब्रश. "आहे ना तुमच्याकडे?"

आहे. कपाटात. पाकिटात.

"पाकिटातून काढायचा असतो, काका." मग आवाज खाली आणून, "आणि नंतर चूळ?"

"खळखळून!" इथे तरी मार्क मिळतील असं वाटलं होतं.

त्याने कपाळावर हात मारला. "मग पेस्टमधलं फ्लोराइड गेलं की वाहून! नुसतं थुंकायचं!"

मी उभा जन्म शेजारी जागे होतील एवढ्या जोरात चुळा भरल्या. ते स्वच्छतेचं लक्षण आहे असं मला घरी सांगितलं होतं. आता कुणाकडे दाद मागायची?

एवढ्यात डॉक्टर आले आणि त्यांनी ॲसिड काढलं. म्हणजे विषय. थरातले जंतू साखर खातात, ॲसिड सोडतात, पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितकं ॲसिड जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातली खनिजं विरघळू लागतात. ब्रॅकेटभोवती पांढरे डाग पडतात, चार आठवड्यांतसुद्धा. तारा निघाल्यावर ब्रॅकेट जातं, चौकट राहते. फोटो गेला, फ्रेम उरली.

हे मान्य. पण ब्रॅकेट चिकटवताना माझ्या दातांना फॉस्फोरिक ॲसिड कोणी लावलं? मी वाचलंय. १९५५ साली मायकेल बुओनोकोर नावाच्या दंतवैद्याने दाखवून दिलं, की ॲसिडने कवच जरा खरखरीत केलं की त्यावर पदार्थ घट्ट चिकटतो. म्हणजे तुमचं ॲसिड ते शास्त्र आणि माझं तो गलथानपणा?

"आमचं अर्ध्या मिनिटात धुऊन टाकतो," डॉक्टर म्हणाले. "तुमचं रात्रभर मुक्कामाला असतं."

पोरगा हसला. रबरं चमकली.

खरं सांगतो, राग त्याचा नाही. पूर्वी माझे दात वाकडे होते, पण मोकळी जमीन होती. आता तिथे वीस खांब रोवलेत, वर तारेचं कुंपण. खालून झाडून घ्यायचं कुणी? मी. खांब रोवायचे पैसे कुणी दिले? मीच. आणि कीड लागली तर शेरा असा, की पेशंटने सहकार्य केलं नाही. त्यात चहा. गोड चहा तासभर घोट-घोट पिऊ नका, एकदम संपवा. साखर किती यापेक्षा ती कितीदा येते, हे दातांना जास्त बाधतं, असं म्हणतात. एकदम संपवायला चहा म्हणजे काय काढा आहे?

रात्री चिमुकला ब्रश पाकिटातून काढला. वीस खांब, चौदा मिनिटं. चूळ भरली नाही. तोंडात पुदिन्याचा फेस घेऊन मुकाट्याने झोपलो.

आज फोन करून पुढची वेळ बदलायला सांगितली. शनिवारी अकराची मिळत होती.

"त्या हिरव्या-केशरी रबरवाल्या मुलाची कधी आहे?"

"सव्वाअकरा. तो लवकरच येतो."

मी संध्याकाळची मागितली.