‘हॉस्टेलच नाही, मग धोका कसला?’ : एका फॉरवर्डला उत्तर

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मराठी पालकांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. थोडक्यात असा : कम्युनिटी कॉलेजला (म्हणजे दोन वर्षांच्या, कमी फीच्या सार्वजनिक कॉलेजला) हॉस्टेल नसतं, मुलं लेक्चर करून घरी येतात, म्हणून तिथे धोका जवळपास नाहीच. सुरक्षाप्रमुख, आपत्कालीन व्यवस्थापक असली पदं कशाला पोसायची? दारावर एक बंदूकधारी गार्ड ठेवा, मोबाईलवर अलर्ट पाठवा आणि वाचलेल्या पैशातून फी कमी करा.

दोन वर्षं डी अँझा किंवा फूटहिल या इथल्या कम्युनिटी कॉलेजांत काढून मग यूसीला (कॅलिफोर्निया विद्यापीठात) जाणारी मुलं आपल्यात बरीच आहेत, तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

हॉस्टेल नाही म्हणून धोका नाही? जानेवारी २००१ मध्ये क्युपर्टिनोच्या याच डी अँझा कॉलेजात बॉम्ब आणि बंदुका घेऊन शिरायचा बेत एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने आखला होता. तो आईवडिलांच्या घरी राहून कॉलेज करत होता. शस्त्रांसोबतचे स्वतःचे फोटो त्याने सॅन होजेतल्या एका दुकानात धुवायला टाकले. काउंटरवरच्या मुलीला ते पाहून शंका आली, तिचे वडील पोलिसात होते, तिने त्यांना फोन केला. ठरलेल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी तो पकडला गेला. (तसंही ‘हॉस्टेल नसतं’ हे आता सरसकट खरं नाही. कोस्टा मेसाच्या ऑरेंज कोस्ट कॉलेजने २०२० मध्ये ८००च्या आसपास विद्यार्थ्यांसाठी घरं उघडली.)

मुलं घरी जातात, ही या कॉलेजांची अडचण आहे, सोय नाही. हॉस्टेलवर शेजारच्या खोलीतल्याला निदान कळतं की अमका चार दिवस दिसला नाही. इथे सकाळी एक गर्दी, दुपारी दुसरी, रात्री नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांची तिसरी. त्यात शाळेत असतानाच कॉलेजचे विषय घेणारी अल्पवयीन मुलं आणि डी अँझासारख्या ठिकाणी बालविकास केंद्रातली चिल्लीपिल्ली. आग लागली तर कोण आत होतं याची यादी कोणाकडेही नसते.

आता गार्ड. ऑरेगनमधल्या रोझबर्गजवळच्या उम्पक्वा कम्युनिटी कॉलेजात १ ऑक्टोबर २०१५ला गोळीबारात नऊ जण मारले गेले. त्या वेळी कॅम्पसवर एका पाळीला एकच, तोही निःशस्त्र, सुरक्षारक्षक असे. बंदूक हवी म्हणणारे याच घटनेकडे बोट दाखवतात, आणि त्यांचं म्हणणं अगदी टाकाऊ नाही. सांता मोनिका कॉलेजात ७ जून २०१३ला हल्लेखोर ग्रंथालयापर्यंत पोचला, तेव्हा त्याला थांबवलं ते शहर आणि कॉलेजच्या सशस्त्र पोलिसांनीच. पण ते प्रशिक्षित, एकमेकांशी जोडलेलं दल होतं. रोझबर्गला पहिला फोन सकाळी १०.३८ला गेला आणि पोलीस सहाएक मिनिटांत पोचले. तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलं होतं. शंभरेक एकरांच्या कॅम्पसच्या एका टोकाला उभा असलेला एकटा गार्ड ही मिनिटं किती कमी करणार?

खरं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं, आणि ते कसं अर्धवट राहतं हे ॲरिझोनातल्या पीमा कम्युनिटी कॉलेजने दाखवलं. २०१०च्या फेब्रुवारी ते सप्टेंबरमध्ये एका विद्यार्थ्याच्या वागण्यावरून कॉलेज पोलिसांना पाच वेळा लक्ष घालावं लागलं. शेवटी त्याला निलंबित केलं आणि तो धोकादायक नसल्याचं मानसिक आरोग्यतज्ज्ञाचं पत्र आणल्याशिवाय परत यायचं नाही, अशी अट घातली. कॉलेजपुरता प्रश्न मिटला. ८ जानेवारी २०११ला त्याच तरुणाने ट्यूसनमधल्या एका सुपरमार्केटबाहेर गोळीबार केला; सहा जण गेले, खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यासह १३ जखमी झाले. सक्तीच्या मानसिक तपासणीसाठी ॲरिझोनात कोणीही अर्ज करू शकतं, तो कॉलेजने केला नव्हता. नुसता दोष देणं सोपं आहे, पुढचं कोणालाच दिसत नव्हतं. पण वर्गातला शिक्षक, समुपदेशक, पोलीस आणि बाहेरची आरोग्ययंत्रणा यांना एका टेबलाशी बसवणं हे कोणाचं तरी रोजचं, पगारी काम असायला हवं. फॉरवर्डला नेमकं तेच पद फालतू वाटतंय.

अलर्टचंही तसंच. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ला पहिल्या गोळ्या सकाळी सव्वासातला झाडल्या गेल्या, पहिला ईमेल गेला ९.२६ला. पाठवायची सोय होती, निर्णय होत नव्हता. त्या दिवशी एकूण ३२ बळी गेले. म्हणून २००८ मध्ये क्लेरी कायद्यात (कॉलेजांना गुन्ह्यांची आणि सुरक्षेची माहिती द्यायला लावणाऱ्या केंद्राच्या कायद्यात) दुरुस्ती झाली : तातडीचा धोका आहे याची खात्री झाली की विनाविलंब सूचना द्यायची. रात्री साडेआठला, कॉलेजचे अध्यक्ष विमानात असताना, बटण दाबायचा अधिकार कोणाचा, हे आधी लिहून ठेवावं लागतं. कायदा मोठ्या विद्यापीठांसाठी आहे ही समजूतही चुकीची. केंद्राच्या विद्यार्थी-मदतीचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला तो लागू आहे, आणि दर १ ऑक्टोबरपर्यंत वार्षिक सुरक्षा अहवाल द्यावाच लागतो.

आणि धोका म्हणजे फक्त गोळीबार, हे कोणी ठरवलं? २०१७च्या हार्वी वादळात ह्यूस्टनजवळच्या लोन स्टार कॉलेजच्या किंगवूड कॅम्पसमधल्या नऊपैकी सहा इमारतींत पाणी शिरलं. आपल्याकडे तर पायाखाली भूकंपाच्या भेगा आहेत. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने इथला प्रत्येक सार्वजनिक कर्मचारी, म्हणजे कॉलेजचा कारकूनसुद्धा, आपत्ती सेवा कर्मचारी आहे. त्याने नेमकं काय करायचं, हे त्याला कोणी शिकवायचं? दारावरच्या गार्डने?

ड्रिल, म्हणजे आपत्तीचे सराव, होतात, पण बहुधा दिवसा. कम्युनिटी कॉलेजांतले बहुसंख्य शिक्षक अर्धवेळ असतात. दोन-तीन कॉलेजांत शिकवत फ्रीवेवर धावणारे. संध्याकाळच्या वर्गाला येणाऱ्या अशा शिक्षकाला दार आतून बंद होतं की नाही हेही माहीत नसतं. माझ्या मते कॅमेऱ्यांवर खर्च करण्याआधी हे भोक बुजवलं पाहिजे.

राहिली फी. ती कॉलेज ठरवतच नाही, राज्य ठरवतं. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला २०१२ पासून युनिटमागे (अभ्यासक्रमाच्या एका श्रेयांकामागे) ४६ डॉलर. सुरक्षाप्रमुखाला उद्या काढून टाकलं तरी आपल्या मुलाच्या बिलातला एक सेंटही कमी होणार नाही.

या कॉलेजांचे विश्वस्त आपण मतं देऊन निवडतो. त्यांच्या नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लागते आणि सभेत कोणालाही बोलता येतं. संध्याकाळच्या वर्गांचं शेवटचं ड्रिल कधी झालं, आणि रात्री अलर्टचं बटण कोणाच्या हातात असतं, हे दोन प्रश्न तिथे विचारा.