चौथा शनिवार आणि माझी दाढ

२०१५पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, हे तुम्हा सगळ्यांना चांगलं माहीत आहे. बंद शटरसमोर उभं राहून आम्हाला शिव्या तुम्हीच तर घालता. तर आज चौथा शनिवार. सुट्टी रद्द, सकाळी साडेनऊला हजर. कशाला? 'ताणमुक्त जीवन' कार्यशाळेला. हसू नका.

टाय लावलेल्या एका सरांनी प्रत्येकाच्या हातात फुगा दिला. आपला ताण आत फुंका म्हणे, आणि मग टाचणी लावा. फट्! गेला ताण. "ताण बाहेर नसतो, आपल्या विचारांत असतो." पहिल्या रांगेतल्या आमच्या साहेबांनी मान डोलावली, आणि तेवढ्यात ग्रुपवर त्यांचाच मेसेज पडला: सोमवारी अकराच्या आत विम्याचे आकडे द्या.

विचारांत असतो काय? मग माझी दाढ कुणी फोडली?

गेल्या मार्च एंडला रात्री दहाला घरी येऊन वरणभात खात होते. वरणभात, चकली नव्हे. कट्ट झालं आणि दाढेचा तुकडा तळहातावर. डेंटिस्ट बाईंनी विचारलं, सुपारी खाता? नाही. बर्फ चावता? नाही. "झोपेत दात खाता का?" आता झोपेतलं मला काय कळणार! नवऱ्याला विचारलं तर म्हणतो, "अगं, ती तू होतीस? मला वाटलं माळ्यावर उंदीर झालाय." पिंजरा लावला होता त्याने, आत भजी ठेवून. सासूबाईंचं निदान अजून वेगळं: जंत.

दिवसभर 'हो सर, करते सर' म्हणत जबडा आवळून बसायचं. राग आला की माणूस दातओठ खातो म्हणतात. आम्हाला दिवसा ती सोय नाही, मग रात्री दाढा कामाला लागतात. रूट कॅनॉल आणि कॅपचे ९ हजार माझ्या खिशातून गेले. फुगा मात्र फुकट मिळाला.

अंगावर बैल धावून आला तर शरीर जी तयारी करतं, तीच साहेबांचा फोन वाजला की होते. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतात, छाती धडधडते, रक्तात साखर चढते, पचन मागे पडतं. बैल पाच मिनिटांत निघून जातो हो. आमचा बैल एक एप्रिलला नवीन टार्गेट घेऊन परत येतो.

आमच्याकडे नांदेडचा एक नवा मुलगा आहे. दर सोमवारी पोट बिघडतं. सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही, तेव्हापासून सगळे म्हणतात नाटकं करतो. मीही एकदा म्हटलं होतं. तेव्हा माझी दाढ शाबूत होती. आज जेवताना त्याला १४४१६ नंबर दिला, टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्याने कागदाची घडी करून पाकिटात ठेवली, बोलला काहीच नाही.

बरं, त्या सरांनी एक गोष्ट कामाची शिकवली, कबूल करते. श्वास नाकाने घ्यायचा आणि सोडायला दुप्पट वेळ लावायचा. परत येताना ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत दारापाशी उभं राहून केलं, धडधड उतरली. डेंटिस्ट बाईंचाही एक मंत्र आहे: ओठ मिटलेले, दात सुटे. मॉनिटरला चिठ्ठी चिकटवली आहे. रात्री दातांवर नाईट गार्ड, म्हणजे दात घासू नयेत म्हणून कवच, घालते. चारनंतर चहा बंद केला होता, तो आठ दिवस टिकला.

साहेबांनाही वरून फोन येत असणार. त्यांच्या ड्रॉवरमध्ये बीपीच्या गोळ्या मी पाहिल्या आहेत. वाईट वाटतं. पण म्हणून आमचा शनिवार घ्यायचा? चार माणसांच्या जागी दोघं बसवायची आणि वर फुगे वाटायचे? एक क्लार्क द्या. फुगा नको, क्लार्क द्या!

बघा, लिहिता लिहिता जबडा परत आवळला. ग्रुपवर कार्यशाळेचे फोटो आलेत, खाली सव्वीस अंगठे. साडेनऊ झाले, फोन आता फ्रीजवर जाणार. कमेंटना सोमवारी जेवणाच्या सुट्टीत उत्तरं देते. मिळाली तर.