किडनी मागितली गेली तर काय करावे

घरातल्या एखाद्याची किडनी अचानक निकामी होत नाही, परंतु आपल्याला ते कळते मात्र अचानकच. दादाचा मधुमेह पंधरा वर्षांचा असतो, रक्तदाब दहा वर्षांचा असतो, गुडघेदुखीसाठी केमिस्टकडून परस्पर आणलेल्या गोळ्यांचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो, आणि रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा कचरा, डोळ्यांत भरण्याइतके वाढते तोवर किडनीचे निम्म्याहून अधिक काम थांबलेले असते. मग एका रविवारी दादाकडे बैठक भरते, पोहे होतात, आणि कोणीतरी घसा खाकरून सांगते की डॉक्टरांनी घरातलाच डोनर बघायला सांगितला आहे. आपण दादाचे सख्खे धाकटे भाऊ आहात. पुढील सूचना आपल्यासाठीच आहेत.

बैठकीत दादाच्या डाव्या हाताकडे पाहू नये. मनगटाच्या वर धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला तिथे दोरखंडासारखा फुगलेला असतो, आणि त्यावर बोट ठेवले तर आत मांजर गुरगुरत असल्यासारखी थरथर लागते. डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास, त्यात दोन जाड सुया खुपसून दादाचे रक्त यंत्रातून फिरवून आणतात. पाणी तो मापाच्या पेल्यानेच पितो आणि फारच तहान लागली तर बर्फाचा खडा तोंडात धरून बसतो. हे सारे जवळून पाहिले की मऊ मनाचा माणूस भलतेच काहीतरी बोलून जातो, म्हणून नजर पोह्यांवर पेरलेल्या खोबऱ्यावर ठेवणे उत्तम.

सर्वांत खात्रीचा उपाय शुगरचा. मधुमेही माणसाची किडनी सहसा घेत नाहीत, त्यामुळे दिवाळीत अनारशांना हात लावता यावा म्हणून बायकोपासून लपवलेला रिपोर्ट चारचौघांत काढून दाखवण्याची हीच वेळ आहे. शुगर नसलीच तर रक्तगट पुढे करावा. मात्र येथे थोडी सावधगिरी हवी. परक्या रक्तगटावर तुटून पडणारी रक्तातील प्रतिपिंडे आधी कमी करून रक्तगट न जुळतानाही हल्ली प्रत्यारोपण केले जाते, आणि २०११ च्या दुरुस्तीमुळे दोन कुटुंबांनी आपापल्या दात्यांची अदलाबदल करण्याची मुभाही अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात आली आहे. सुदैवाने बैठकीत हे ठाऊक असणारे कोणी नसते. मेडिकलला शिकणारी भाची असेल, तर तिची त्या दिवशी परीक्षा आहे एवढे पाहावे.

शुगरही नाही आणि रक्तगटही जुळतो, अशी आणीबाणी आली तर धोक्याविषयी बोलावे. दात्याचा जीव जाण्याची शक्यता दहा हजारांत तीनच्या आसपास धरली जाते. आपण आकडा गाळून ‘धोका आहे असे डॉक्टर स्वतःच म्हणतात’ एवढेच सांगावे. हजारात एखादा माणूस जन्मतःच एक किडनी घेऊन येतो आणि कित्येकदा दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी होईपर्यंत त्याला त्याचा पत्ताही नसतो, हे सांगू नये. उरलेली किडनी काही दिवसांत थोडी वाढते आणि बरेचसे काम अंगावर घेते, हेही सांगू नये. एकाने मुकाट्याने दुसऱ्याचे काम अंगावर घेण्याचा विषय त्या घरात नाजूक असू शकतो. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये रोनाल्ड हेरिकने आपली किडनी रिचर्ड या जुळ्या भावाला दिली, जगातले पहिले यशस्वी किडनी प्रत्यारोपण झाले, आणि हा रोनाल्ड त्यानंतर आणखी छप्पन्न वर्षे जगला. हे नाव कोणी काढलेच तर ‘तिकडची हवा वेगळी’ असे म्हणून चहा मागवावा.

‘विकत मिळते म्हणे’ अशी एक सूचना कोपऱ्यातून येतेच. ती आपण करू नये, कारण अवयवांच्या खरेदी-विक्रीला पाच ते दहा वर्षांचा तुरुंगवास आणि वीस लाख ते एक कोटी रुपयांचा दंड आहे, आणि आपण येथे खर्च वाचवण्यासाठी जमलो आहोत.

एवढे झाले की बैठक गप्प होते. ही शांतता मोडण्याची घाई करू नये. मिनिटभराने ती आपोआप मोडते. वहिनी चहाचा ट्रे टीपॉयवर ठेवतात, पदराला हात पुसतात आणि ‘माझी तपासा’ असे म्हणतात. या वेळी सर्वांनी एकदम ‘नाही वहिनी, तुम्ही कशाला’ असे म्हणावे, परंतु आवाज इतका मोठा नसावा की त्यांना ते खरे वाटेल. वास्तविक दादाशी पेशींवरच्या सर्व खुणा हुबेहूब जुळण्याची शक्यता सख्ख्या भावंडांत चारांत एक असते आणि वहिनींचा तर रक्ताचा काही संबंधच नसतो. तरीही हल्लीच्या औषधांमुळे बायकोची किडनी नवऱ्याला उत्तम चालते. या बाबतीत विज्ञान आपल्या कुटुंबव्यवस्थेच्या किती पुढे धावून मदतीला आले आहे, याबद्दल कृतज्ञ राहावे. १९९५ ते २०२१ या काळात देशात साडेछत्तीस हजारांहून अधिक प्रत्यारोपणे झाली, त्यांत अवयव मिळालेल्या स्त्रिया सात हजारही भरल्या नाहीत. जिवंतपणी देणाऱ्यांत मात्र बायका आणि आया आघाडीवर आहेत.

कायदा करणाऱ्यांना आपल्या घरांची थोडी कल्पना असावी. दाता स्त्री असेल तर अधिक दक्षता घ्यावी आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी, असे २०१४ च्या नियमांत लिहिले आहे. घाबरू नये. लग्नाचा फोटो आणि रेशनकार्ड पिशवीत घालून वहिनी परवानगी देणाऱ्यांपुढे जातात, ‘कोणाचा दबाव आहे का’ असे त्यांना विचारले जाते, आणि या प्रश्नाचे उत्तर त्यांना माहेरून निघतानाच पढवलेले असते.

शस्त्रक्रियेनंतरचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. जुन्या किडन्या सहसा काढत नाहीत. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला बसवतात. म्हणजे दादाच्या पोटात तीन किडन्या आणि वहिनींच्या पोटात एक. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दादाला दिलेल्या टॅक्रोलिमसचे अलार्म बारा-बारा तासांनी घरभर वाजतात आणि त्याच्या पथ्याचा कागद फ्रिजवर चुंबकाने लावलेला असतो. काही आठवडे जड उचलू नये आणि पुढे दरवर्षी रक्तदाब व लघवी तपासावी, असे वहिनींच्याही कागदावर लिहिलेले असते. तो कागद वाणसामानाच्या यादीसाठी पाठकोरा म्हणून वापरता येतो.

आता मरणोत्तर दानाचे. येथे ऑनलाइन प्रतिज्ञा घ्यावी, ३ ऑगस्टच्या अवयवदान दिनी कार्डाचा फोटो स्टेटसला ठेवावा, आणि घरात कोणालाही सांगू नये. प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा नातेवाइकांची संमती विचारली जाते, त्यामुळे उदार म्हणून मिरवून दोन्ही किडन्यांसह जळण्याचा याहून सुरक्षित मार्ग नाही. वेळ दुसऱ्या कोणाची असेल, अपघातातल्या पुतण्याचा मेंदू मृत झाला असेल, चार डॉक्टरांनी सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून तसे लिहून दिले असेल, तरी ‘अजून छाती हलते आहे’ हे वाक्य धरून ठेवावे. ती व्हेंटिलेटर हलवतो, हे समजावणाऱ्या समन्वयक बाईंना पाणी विचारावे आणि ‘सांगलीचे काका आल्याशिवाय काही ठरवता येणार नाही’ असे सांगावे. बाहेर काढलेली किडनी बर्फात दिवसभर तग धरते. मेंदू मृत झालेले शरीर काकांच्या एसटीसाठी तसा तग धरीलच असे नाही. काका पहाटे येतात आणि ‘पुढच्या जन्मी किडनीविना जन्माला येईल’ अशी शंका काढतात. विद्युतदाहिनीत घातलेल्या किडन्या पुढच्या जन्मी कोणत्या मार्गाने पोहोचतात, हे त्यांना विचारू नये. ते वडीलधारे आहेत.

एक प्रसंग मात्र अवघड आहे. एखाद्या घरात दादा ठणठणीत असतो आणि किडनी वहिनींचीच जाते. दादाला ऑफिस असते, मुलाचे लग्न व्हायचे असते, मुलीच्या सासरचे परवानगी देणार नसतात, आणि वहिनींच्या आईने सत्तरी ओलांडलेली असूनही सर्वांच्या नजरा तिच्याकडे वळतात. मुंबई, पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या, मरणोत्तर मिळालेले अवयव वाटणाऱ्या विभागीय केंद्राच्या प्रतीक्षायादीत नाव घालून मोकळे होता येते. ती यादी सरकत असते काकांसारख्यांच्या मर्जीने. तरीही लोकलज्जेस्तव एक बैठक घ्यावीच लागते. रविवार सोयीचा नाही, कारण त्या दिवशी घरी राहता यावे म्हणून वहिनींनी डायलिसिसची शनिवारची पाळी मागून घेतलेली असते आणि डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशीही त्यांच्याने ओट्याशी उभे राहवत नाही. तेव्हा तारीख ठरवण्याआधी पोहे कोण करणार, ते ठरवून घ्यावे.